डबल दिल्याशिवाय

४ मे

चष्मेवाल्या नणंदबाईंना वहिनीचा नदीकाठावरून भरल्या पोटी आशीर्वाद.

पोचलो बाई एकदाचे! हे आंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहायला बसले. फोन खाली काउंटरवर आहे, पण तिथे तुझा दादा शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्यात नाक खुपसतो. ‘तिला सांग, इंजिन एकदम लोणी.’ ‘तिला सांग, दिवसभरात दोनदाच हॉर्न मारला.’ त्यापेक्षा पत्र बरं. तिन्ही मुक्कामांचे पत्ते तुला लिहून दिलेत, ते हरवू नकोस आणि पुढच्या पत्त्यावर उत्तर टाक.

तू म्हणशील, ऐन उन्हाळ्यात ह्या म्हातारा-म्हातारीला ही काय अवदसा आठवली. अगं, अकरा वर्षं आम्ही ह्याच रस्त्यावर एका बसमध्ये ड्युटी केली. हे पुढे स्टिअरिंगवर, मी मागे तिकिटं पंच करत. नदी आली गेली, तळं आलं गेलं, घाट आला गेला. उतरून कधी पाहिलं म्हणशील तर एकदासुद्धा नाही, टाइमटेबलात बसायचंच नाही. प्रवासी खिडकीतून ‘अय्या, काय सुंदर!’ करायचे आणि मी त्यांना ‘पुढे सरका’ करायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तेव्हा कधी आठवण झाली नाही. आणि गेल्या महिन्यात हे एकदम म्हणाले, ‘ह्या उन्हाळ्यात जायचं. ह्याच.’ मी म्हटलं, थोडं गार होऊ दे, पुढच्या वर्षी जाऊ. तर नाही म्हणजे नाही. हट्टालाच पेटले.

आमची गाडी सुरू करायची पद्धत तुला ठाऊक आहे. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि सिंगल वाजली की असेल तिथे थांबवतो, का म्हणून विचारत नाही. ते ह्यांच्या हाडात मुरलंय. माझा जुना पंच पर्समध्ये असतो (हो, तोच, जो मी ‘हरवला’ म्हणून लिहून दिला होता, कुठे बोलू नकोस). मी दाराच्या पत्र्यावर पंच दोनदा ठोकते, टक टक, मगच स्वारी गिअर टाकते. आज पेट्रोल पंपावरचा माणूस बघतच राहिला. हे त्याला म्हणाले, ‘वरिष्ठांचा हुकूम आहे.’

दुपारी नदीकाठी एका बाईच्या टपरीवर मासा खाल्ला. समोर जाळ्यातून काढून समोर तळलेला, वर नुसतं लिंबू आणि मीठ. सोबत एक थंडगार बिअर दोघांत. भुवया उंचावू नकोस, नंतर झाडाखाली तीन तास ताणून दिली आणि मगच गाडीत बसलो. एक मात्र झालं. मासा खावा तर ह्यांनी, एवढे निगुतीने खाणारे, आणि आज काटा घशात अडकवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतायत. मला म्हणतात, ‘सुट्टीवर आहे, काटे बघायचं काम तुझं.’

मेनूही मलाच वाचायला लावतात. चष्मा गाडीत राहिला म्हणे. निघण्याआधी तुझ्या दुकानात डोळे तपासून घेतले ना? ‘फर्स्ट क्लास, परत ड्युटीवर घेतील’ म्हणत घरी आले होते. मग नवा चष्मा का नाही दिलास? सख्ख्या भावाच्या बाबतीत कंजुषी शोभते का?

आले वाटतं. ठेवते.

तुझी वहिनी


८ मे

वहिनी,

तुझं पत्र काल आलं. दोनदा वाचलं.

दादा स्वतः चालवतोय? मला तर तो म्हणाला होता की गॅरेजवाल्याच्या माणसाला ड्रायव्हर म्हणून बरोबर घेतोय. अगदी त्याचं नावगाव सांगितलं होतं. मग अचानक काय बदललं? एवढा लांबचा पल्ला, उन्हाचे दिवस, वय झालंय गं त्याचं. तळ्याच्या गावात मिळेल कुणी भाड्याने. घ्या एखाद्याला. तुम्ही दोघं मागे ऐटीत बसा, त्याला म्हणावं आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलंस, आता तू फिर.

आज तळ्यावरच्या लॉजवर फोन केला होता. दादानेच उचलला. ‘वहिनी खाली गेलीय, सगळं झकास’ म्हणाला आणि ठेवून दिला. मी पुन्हा लावला तर लाइन लागेना.

एक विचारते, मला वेडी म्हण. तो जिना कसा उतरतो? कठड्याला हात धरून का? पाणी ओतताना नीट ओततो ना? दिवस कलल्यावर त्याला गाडी चालवू देऊ नकोस. समोरून उन्हाची तिरीप येत असेल तर थांबा, पण चालवू नका. उगाचच सांगतेय, पण ऐक माझं.

चष्म्याचं म्हणशील तर भिंगं अजून यायचीत.

माझं काही खरं नाही बघ. आज एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा घातला, तो बिचारा दारावर आपटून परत आला. तू उत्तर लगेच टाक.

तुझी नणंद


१२ मे

चष्मेवालीस,

ड्रायव्हर? कुठला ड्रायव्हर? मी ह्यांना विचारलं तर जोरात हसले. ‘चाळीस वर्षं काय मी मागच्या सीटवर बसून होतो?’ म्हणाले. तुझ्या फोनचंही मला काही बोलले नव्हते. मी विचारल्यावर ‘हो, आला होता, विसरलो’. तुम्हा भावाबहिणीचं काय चाललंय ते मला कळत नाही, आणि आता मला हसायलाही येत नाहीये. तुला सांगते ते तुझ्याजवळ ठेव. मला भीती वाटतेय.

तुझा दादा प्यायला लागलाय.

माझ्यासमोर नाही. लपून. आधी मी मनावर घेतलं नाही. परवा तळ्याकाठी द्राक्षाचा रस मागवला, गारेगार, घट्ट, तिथे त्याचीच ख्याती आहे. जगमधून ह्यांनी ओतला तो ग्लासच्या शेजारी, टेबलक्लॉथवर. सावकाश, अर्धा जग. मी ‘अहो!’ म्हणून ओरडले तेव्हा हात थांबला. त्या रसावर गांधीलमाश्या आल्या आणि एक मला वरच्या ओठावर डसली. ओठ सुजून हा एवढा झाला. लॉजची मालकीण बर्फ घेऊन धावली, शेजारच्या टेबलावरची पोरं तोंड दाबून हसत होती. आणि तुझा दादा समोर बसून मला म्हणतो, ‘आज छान दिसतेस. काय केलंयस?’ मला वाटलं टिंगल करतायत. मी रुसून उठून गेले. पण त्यांचा चेहरा बघितला गं मी. टिंगल नव्हती.

ते सोड. काल जे झालं ते सांगते. तळ्याला वळसा घालून सावलीतल्या रस्त्याने येत होतो. एक बाई दोन हातांत दोन बादल्या घेऊन रस्ता ओलांडत होती. पार मधोमध. मला लांबून दिसत होती, म्हणजे ह्यांनाही दिसणारच, म्हणून मी गप्प. गाडी जवळ जवळ जातेय, वेग कमी होत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे शांत, मान थोडी वाकडी करून, गुणगुणतायत. मी पंच ठोकला. एकदाच. ब्रेक असा लागला की माझं कपाळ पुढे आपटलं. बाईच्या बादलीला बंपर लागला, पाणी सांडलं, बाई वाचली. तिने आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या, आणि मी कंडक्टर होते. हे म्हणाले, ‘कुठून टपकली मधेच?’ मधेच नव्हती गं. ती तिथेच होती.

रात्री त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला, झोपलेल्या नवऱ्याचा, चोरासारखा. वास नव्हता. आज सकाळी डिकी उपसली, सीटखाली हात घातला, बॅगेतले कपडे झटकले. बाटली सापडली नाही. कुठे ठेवतात देव जाणे. घरात कधी नव्हतं हे. निवृत्तीनंतर माणसं अशी होतात म्हणतात.

आणि मधेच इतके गोड वागतात की मला माझीच लाज वाटते. काल तासभर तळ्याकाठी बसलो होतो. मला म्हणाले, ‘तू सांग काय दिसतंय, तुझ्या तोंडून ऐकायचंय.’ मी सांगत गेले. पलीकडचा लाल छपराचा धक्का, दोन होड्या, पाण्यात पाय सोडून बसलेली जाडी बाई, तिचा छत्रीवरून चाललेला नवऱ्याशी वाद. हे मान एका बाजूला करून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. पिणाऱ्यांचे येतात म्हणे.

परवा घाटमाथ्यावर जातोय, शेवटचा मुक्काम. चढ सोपा आहे, ह्या बाजूने सरळ रस्ता. पण उतरायचंय पलीकडून, सोळा वळणं. वर फोन नाही, टपाल दूधगाडीबरोबर एक दिवसाआड येतं. तुला ह्यांच्या पिण्याचं काही माहीत असेल तर मला सांग. मी कुणाला विचारू?

वहिनी


१५ मे

वहिनी,

दादा पीत नाही. त्याला दिसत नाही.

शपथ मोडतेय. मोडायला उशीरच केला.

निघायच्या आधी तो दुकानात आला होता. मी नेहमीचा तक्ता लावला, त्याने वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. इतका घडाघडा की मला संशय आला. ड्युटीवरच्या तपासणीत दर वर्षी तोच तक्ता असायचा, वहिनी. त्याला पाठ आहे. मी दुसरा लावला. पहिलं सगळ्यात मोठं अक्षर, पंज्याएवढं, तेही त्याला सांगता आलं नाही. मी त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध डाग आहे, दोन्हीकडे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून तो मान वाकडी करतो. रस्त्याच्या बाजूची झाडं त्याला दिसतात. मधे उभी असलेली बाई नाही. तुझा सुजलेला ओठ नाही. तुझा चेहराच नाही, वहिनी.

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला दर महिन्याला सुई घ्यावी लागेल, आणि गाडी त्या दिवसापासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. दादाने मला शपथ घातली. ‘तिला सांगितलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.’ मग आम्हाला दोघांनाही हसू आलं, आणि मग दोघंही दुकानाच्या मागच्या खोलीत रडलो. तो म्हणाला, उरलंय तेवढ्यात तिला एकदा सगळं दाखवून आणतो, अकरा वर्षं नुसती पुढे सरका पुढे सरका करत गेली तिची. ड्रायव्हर घेऊन जातो म्हणाला. मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता म्हणून ठेवला.

तुझा विश्वास बसत नसेल तर एक कर. हे पत्र त्याच्याच हातात दे. म्हण, माझा चष्मा सापडत नाही, मोठ्याने वाचून दाखवा.

त्या गाडीत बसू नकोस. त्याला बसू देऊ नकोस.

तुझी नणंद


१९ मे

तुझं पत्र दूधगाडीने आलं. व्हरांड्यात एकटीने वाचलं. पहिली ओळ वाचली आणि खालच्या फरशीवर बसले, खुर्ची शेजारी होती तरी.

तासाभराने हे खाली आले. हात कठड्यावर. किती दिवस कठड्यावर होता तो हात, मी कधी पाहिला नाही. आम्हाला चहा आला, बरोबर लोणी लावलेला पाव आणि मध. मी त्यांना म्हटलं, ‘चष्मेवालीचं पत्र आलंय. माझा चष्मा वर राहिला, वाचून दाखवा ना.’ माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यांनी हात पुढे केला, थोडा बाजूला. मी कागद त्यांच्या बोटांत दिला. खिशातून चष्मा काढून लावला, घसा खाकरला आणि वाचायला लागले.

‘प्रिय दादा-वहिनी, इकडे सर्व ठीक. दुकान जोरात चाललंय. उन्हाळा फार आहे, पण तुम्ही तिकडे थंड हवेत मजा करत असाल. वहिनी, खाण्यापिण्याची चंगळ कर. घरची काळजी करू नकोस.’

थांबत थांबत, ओळीच्या शेवटी जरा विसावा घेत. अगदी बरोबर, जसा माणूस वाचतो. तू एकाच बाजूला लिहिलं होतंस गं. ह्यांनी पान उलटलं आणि कोऱ्या बाजूवरून पुढे वाचलं. ‘आणि दादाची तर मुळीच काळजी करू नकोस. त्याचे डोळे मी स्वतः तपासलेत. फर्स्ट क्लास आहेत.’ मग घडी घालून कागद मला परत दिला. ‘चांगलं लिहिते पोरगी,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘हो. चांगलं लिहिते.’ आणि पावाचा तुकडा तोंडात टाकला.

तुझ्यावर मी चिडलेय. ती बाई मेली असती तर? तिच्या दोन बादल्या मला झोपेत दिसतात. तू शपथ पाळत होतीस आणि मी मागच्या सीटवरच्या प्रवाशासारखी निर्धास्त बसले होते. त्याबद्दल तुला घरी आल्यावर बोलेन, सोडणार नाही.

पण तोंडावर सांगता मलाही येत नाहीये. काय म्हणू? चाळीस वर्षं ज्या माणसाच्या पाठीकडे बघून साठ-साठ माणसं झोपून जायची, त्याला म्हणू की खाली उतर? गाडीची किल्ली मी त्यांच्या शर्टातून काढून बुटात घातलीय. चालताना टोचते. एकवीसला खोली सोडायची आहे. लॉज कड्याच्या टोकावर आहे, समोर नुसती दरी, सगळे लोक फोटो काढतात. हे कठड्याशी जाऊन उभे राहतात आणि माझा जीव मुठीत. खोलीच्या खिडकीतून पलीकडचा उतार दिसतो. मी वळणं मोजते. सोळाच्या सोळा दिसतात.

मी काहीतरी आजारपण काढते आणि मुक्काम लांबवते. तू काही सुचव. लवकर.

वहिनी


२० मे

वहिनी, तुझं उत्तर अजून नाही, तुला माझं पत्र मिळालं की नाही तेही ठाऊक नाही. घाटाकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसच्या कंडक्टरच्या हाती हे चार शब्द देतेय, तो दूधगाडीवाल्याकडे पोचवेल. निघू नका. पोट दुखतंय म्हण, चक्कर आली म्हण, टायरमधली हवा सोड, पण निघू नका. मी दुकान बंद करून येते. चोवीसपर्यंत तिथेच थांबा. माझ्यासाठी थांब. तुझी नणंद


२२ मे
घाटाखालचं गाव, बसस्टँडसमोरचं लॉज

चष्मेवाले,

तुझी चिठ्ठी आम्ही निघाल्यावर वर पोचली. दूधगाडीवाल्याने ती आज खाली आणून दिली. आता यायला निघू नकोस, म्हणून हे पत्र टपालात न टाकता बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय. आम्ही जिवंत आहोत. दोघंही. आधी हे वाच आणि मग पुढचं वाच.

काल सकाळी मी डोकं धरून पडून राहिले. हे म्हणाले, ‘मग तू आराम कर, मी खाली जाऊन पेट्रोल भरून येतो.’ मी मनात म्हटलं, किल्ली कुठे सापडतेय. तर कमरेच्या पट्ट्याला आतून दुसरी! मी विसरलेच, कुठलाही ड्रायव्हर एका किल्लीवर राहत नाही. खिडकीतून बघितलं तर बॉनेटवरून हात फिरवत फिरवत दारापर्यंत गेले. तळहाताने दार शोधलं. मी तशीच अनवाणी, पर्स तेवढी उचलून खाली धावले. थांबवायला धावले गं, खरंच. पण समोर गेले आणि ते म्हणाले, ‘बरं वाटतंय? चल मग,’ आणि इतके खूश झाले की अडवायला उचललेला हात मी खाली घेतला. एकटे गेले तर सिंगल कोण देणार, एवढंच डोक्यात होतं. मी बसले. त्यांनी विचारलं, ‘कंडक्टर, डबल?’

मी डबल दिली. हे तुला सांगायची मला लाज वाटते. मी माझ्या हाताने दिली.

ते वळणं मोजत उतरत होते. मोठ्याने, मजेत. ‘एक. आता डावीकडे दरी. दोन. तीनला दगडी देवडीसारखा खडक, आला का?’ आला होता. सगळं पाठ, तुझ्या तक्त्यासारखं. मी एका हाताने दाराची मूठ धरलेली, दुसऱ्या हातात पंच. बोटं ओली झाली होती. समोरून एक ट्रक आला, तो हॉर्न वाजवत आला म्हणून वाचलो. ह्यांनी आवाजावरून गाडी बाजूला घेतली. मी ‘अहो, हळू’ म्हणायचे आणि हे म्हणायचे, ‘ह्या रस्त्यावर मला डोळे मिटून सोड.’ सहाव्या वळणावर म्हणाले, ‘उजवीकडे बघ, धबधबा. काय पाणी पडतंय!’ मी बघितलं. उन्हाळा आहे गं. नुसता काळा खडक होता, कोरडा ठाक.

सात. आठ. 

नवव्या वळणावर रस्ता नव्हता. खचलाय, ह्याच वर्षी कधीतरी. आडवी पांढरी पिंपं लावलीत, आणि आतल्या बाजूने डोंगर कापून नवा कच्चा रस्ता काढलाय. डोळे असलेल्या कुणालाही रस्त्यावरून लांबून दिसेल, वर खिडकीतून मात्र मला तो नवा रस्ताच वळण वाटला होता. ह्यांनी ‘नऊ’ म्हणून जुन्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, पिंपांवर सरळ. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. हाताने काम केलं. पंच पत्र्यावर ठोकला.

एकदा.

गाडी थांबली. का, कशाला, काही नाही. बंपर पिंपाला टेकला, पिंप डुलून तिरकं झालं, त्याच्या मागचा एक धोंडा निसटून खाली गेला. तो खाली पडल्याचा आवाज खूप वेळाने आला.

हे तसेच बसले होते. डावा पाय क्लचवर, हात गिअरवर, डबलची वाट बघत. ड्युटीवर थांबायचे तसे. थोड्या वेळाने म्हणाले, ‘कुणाला उतरायचंय?’

मी म्हटलं, ‘ड्रायव्हरला.’

पिंपाच्या पलीकडे नुसती हवा होती, मला दिसत होती, त्यांना नाही. त्यांनी गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर विचारलं, ‘पुढे काय आहे?’

‘काही नाही. रस्ता गेलाय.’

‘किती लांब होतो?’

‘लागलेलो आहोत.’

मग त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा बघितले मी ते हात रिकामे. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं, दंडाला धरून बाहेर काढलं आणि डोंगराच्या कडेला दगडावर बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. ते म्हणाले, ‘त्या दिवशीच्या पत्रात खरं काय लिहिलं होतं?’ पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी सगळं वाचलं. पहिल्या ओळीपासून. शपथेचं आलं तिथे मी अडखळले, त्यांनी ‘पुढे’ म्हटलं. ‘तुझा चेहराच नाही, वहिनी’ तिथे ते माझ्याकडे वळले, मान वाकडी केली, पहिल्यांदाच न लपवता, आणि बराच वेळ तसे बघत राहिले. ‘कानाजवळचा भाग दिसतोय,’ म्हणाले. ‘केस पांढरे झालेत की गं तुझे.’ मला रडू कोसळलं. त्यांनाही. दोघं भर उन्हात रस्त्याच्या कडेला लहान मुलांसारखे रडत होतो.

मागून वरची बस आली. तिच्या ड्रायव्हरने आमची गाडी मागे घेऊन डोंगराला लावून ठेवली, ह्यांना ‘काका, बसा’ म्हणाला. आम्ही त्याच्या मागच्या सीटवर बसलो. कंडक्टर पोरगी तरणीताठी, चटपटीत. तिने डबल दिली आणि माझ्या शेजारी ह्यांचा डावा पाय बसच्या फरशीवर दाबला गेला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय उचलायला त्यांना वेळ लागला.

सोमवारी इथल्या इस्पितळात डोळ्यांचे डॉक्टर येतात, पहिली सुई इथेच घेणार. मग बसने घरी. गाडी तुझ्या ओळखीच्या कुणाकडून तरी मागवून घे. तुला मी अजून माफ केलेलं नाही, पण चिडायला अंगात त्राण नाही. मला भीती वाटते गं. जिन्याची, गॅसची, रस्ता ओलांडायची, उरलंय तेही गेलं तर त्याची. आता ती ह्यांच्यापासून लपवत नाही, एवढाच फरक. हे पत्रसुद्धा मी एकेक ओळ त्यांना वाचून दाखवत लिहितेय. मधे मधे दुरुस्त्या सुचवतायत. ट्रकसाठी गाडी बाजूला घेतली ते नीट लिही म्हणाले.

बस निघाली तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘सांग ना, काय दिसतंय.’ मी सांगायला लागले. खाली झाडी, झाडीत पत्र्याचं घर, घरामागे वाळत घातलेल्या दोन चादरी. दहाव्या वळणावर बस अगदी कडेने गेली, खिडकीबाहेर रस्ता दिसेना, नुसती खोल दरी. मी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि तरी सांगत राहिले. फुलं आलेली झाडं सांगितली, कुरणात चरणाऱ्या गाई सांगितल्या, लांब खाली नदी चमकतेय म्हणून सांगितलं.

‘छान आहे,’ हे म्हणाले.

तुझी वहिनी